एकच स्फटिक, तरीही दोष कोट्यवधी

जेट इंजिनातील टर्बाइनच्या पात्यांबद्दल या सदरात लिहिल्यानंतर आलेली बरीचशी पत्रे एकाच मुद्द्याभोवती फिरतात. पाते अखंड एका स्फटिकाचे असेल, तर ते तापल्यावर लांबते कशाने? आणि त्याचे आयुष्य नेमका कोणता दोष ठरवतो? या वेळचे शंका-समाधान सगळे याच विषयाला दिले आहे. सारख्या शंकांची पत्रे एकत्र केली आहेत, आणि लांब पत्रांतला नेमका प्रश्न तेवढा घेतला आहे.

प्रश्न १: कारखान्यात आम्ही एवढेच शिकलो की तुकडा भार सोसतो, नाही तर वाकतो किंवा तुटतो. तुम्ही म्हणता भार तोच, तापमान तेच, धातू वितळलेलाही नाही, तरी पाते लांबतच राहते. हा तिसरा प्रकार कुठला? लोखंडी पूल तर शंभर वर्षे तसाच उभा असतो.
— निवृत्त फिटर, ओझर

उत्तर: या प्रकाराला क्रीप म्हणतात. तो सगळ्याच धातूंत होतो. फरक पडतो तो तापमानाचा. तापमान केल्विनमध्ये घ्या आणि धातूच्या वितळबिंदूशी त्याचे प्रमाण काढून पाहा. हे प्रमाण साधारण चार-दशांशाच्या वर गेले की क्रीपची दखल घ्यावी लागते. लोखंड १५३८ अंश सेल्सिअसला, म्हणजे १८११ केल्विनला वितळते. पुलाचे तापमान ३०० केल्विनच्या आसपास, म्हणजे वितळबिंदूच्या जेमतेम सहाव्या हिश्शाएवढे. पूल लांबत नाही तो यामुळे. शिसे मात्र ६०० केल्विनलाच वितळते, त्यामुळे घरातल्या तापमानालाही ते निम्म्या वाटेवर असते. जुन्या इमारतींतले शिशाचे नळ दोन आधारांच्या मध्ये स्वतःच्याच वजनाने झोळ खातात, ते क्रीपमुळेच.

टर्बाइनच्या निकेल सुपरॲलॉयची अवस्था शिशाहून बिकट. ही मिश्रधातू १३०० ते १३५० अंशांच्या दरम्यान वितळू लागते, आणि पात्याचे सर्वांत तापणारे भाग १००० ते ११०० अंशांवर काम करतात. केल्विनमध्ये हे प्रमाण ८५ टक्क्यांच्या आसपास जाते. भोवतालचा वायू तर १५०० अंशांच्याही वर असतो. पात्याच्या पोटातून खेळवलेली हवा आणि बाहेरचा झिर्कोनियाचा थर यांच्यामुळे धातू तगतो. त्यात मिनिटाला दहा हजारांच्या घरात फेरे, आणि त्या फेऱ्यांमुळे पात्यावर येणारी टनांत मोजावी अशी ओढ. पात्याचे टोक आणि बाहेरचे आवरण यांच्यातली फट मिलिमीटरच्या अंशात ठेवलेली असते. दहा सेंटिमीटरचे पाते एक टक्का लांबले तर ते एक मिलिमीटर झाले, आणि तेवढ्यात टोक घासू लागते. म्हणून इंजिनवाले ‘तुटेल कधी’ हे विचारण्याआधी ‘एक टक्का लांबेल कधी’ हे विचारतात.

प्रश्न २: एकस्फटिक म्हणजे निर्दोष स्फटिक, असेच मी समजत होते. सगळे अणू रांगेत असतील तर क्रीप व्हायलाच नको. मग या पात्यात दोष उरतात तरी कोणते?
— बी.एस्सी.ची विद्यार्थिनी, सांगली

उत्तर: एकस्फटिक पात्यातून फक्त एका प्रकारचा दोष हद्दपार केलेला असतो, तो म्हणजे कणसीमा. साधी ओतीव धातू असंख्य लहान स्फटिककणांची बनलेली असते, आणि दोन कणांच्या सीमेवर अणूंची रचना विस्कटलेली असते. तापल्यावर हे कण सीमेवर एकमेकांवरून घसरतात. ओढीला आडव्या असलेल्या सीमांवर बारीक पोकळ्या धरतात आणि तिथून तडा जातो. १९६०च्या दशकात अमेरिकेतील प्रॅट अँड व्हिटनी कंपनीत फ्रान्सिस व्हरस्नायडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधी आडव्या सीमा काढून टाकल्या. सगळे कण उभे, पात्याच्या लांबीच्या दिशेने वाढवले. पुढची पायरी म्हणजे एकच कण ठेवणे. १९८२मध्ये जेटी९डी-७आर४ या इंजिनातून एकस्फटिक पाती प्रवासी विमानात आली.

सीमा गेल्या की आणखी एक फायदा पदरात पडतो, आणि तो पहिल्याहून लहान नाही. सीमा बळकट करण्यासाठी घालावी लागणारी कार्बन, बोरॉन, झिर्कोनियम ही मूलद्रव्ये जवळजवळ वगळता येतात. ती वितळबिंदू खाली आणतात. ती नसली की पाते अधिक तापमानाला भाजून आतली रचना एकसारखी करता येते.

बाकी सगळे दोष मात्र जागेवर असतात. अणूची एखादी जागा रिकामी राहणे हा बिंदुदोष. ही रिकामी जागा कोणत्याही धातूत, कोणत्याही तापमानाला असतेच. वितळबिंदूजवळ साधारण दहा हजार अणूंमागे एक. ओतकामात राहिलेली छिद्रे हा आकारमानाचा दोष. या दोहोंच्या मधला, आणि आपल्या विषयाचा खरा नायक, म्हणजे रेषादोष: डिसलोकेशन.

१९२६मध्ये याकोव फ्रेंकेल यांनी हिशेब मांडला की निर्दोष स्फटिकाचा एक थर दुसऱ्यावरून सरकवायला जेवढे बळ लागायला हवे, त्याच्या हजाराव्या हिश्शातही खरे स्फटिक सरकतात. १९३४मध्ये टेलर, ओरोवान आणि पोलान्यी या तिघांनी स्वतंत्रपणे याचे कारण सांगितले. कार्यालयात अंथरलेले भले मोठे जाजम एकदम ओढले तर हलत नाही, पण एका कडेला सुरकुती पाडून ती पलीकडे ढकलत नेली की अख्खे जाजम हातभर पुढे सरकते. स्फटिकातली अशी सुरकुती म्हणजे डिसलोकेशन. १९५६मध्ये केंब्रिजला पीटर हर्श आणि सहकाऱ्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ॲल्युमिनियमच्या पातळ पापुद्र्यात ती प्रत्यक्ष हलताना पाहिली.

क्रीप झालेल्या एकस्फटिक पात्यात प्रत्येक चौरस मीटरला छेदणाऱ्या डिसलोकेशन रेषांची संख्या एकावर १३ शून्ये किंवा त्याहून जास्त असते. म्हणजे साखरेच्या दाण्यांनी भरलेल्या चमच्याएवढ्याही नसलेल्या एका घन सेंटिमीटर धातूत निदान दहा हजार किलोमीटर लांबीच्या रेषा. निर्दोषपणा असा शोधूनही सापडायचा नाही. प्रश्न एवढाच, की या रेषा अडवायच्या कशा.

प्रश्न ३: आम्हाला शिकवले आहे की गॅमा प्राइमचे कण डिसलोकेशनला अडवतात. हे कण ७० टक्के असतील तर डिसलोकेशनला जागाच कुठे उरते? मग क्रीप नेमका कुठे होतो?
— धातुशास्त्राचा विद्यार्थी, नागपूर

उत्तर: याचे उत्तर तापमानाप्रमाणे बदलते. परीक्षेत एक उत्तर लिहून भागते, पात्यात भागत नाही.

आधी रचना पाहू. निकेलच्या मूळ स्फटिकाला गॅमा म्हणतात. त्यात क्रोमियम, कोबाल्ट, टंगस्टन, रेनियम यांचे अणू कुठेही विखुरलेले असतात. गॅमा प्राइममध्ये मात्र शिस्त असते. तीन निकेलमागे एक ॲल्युमिनियम, आणि दोघांच्या जागा ठरलेल्या: घनाच्या कोपऱ्यांवर ॲल्युमिनियम, फलकांच्या मध्यावर निकेल. टँटलम आणि टायटॅनियम ॲल्युमिनियमच्या जागी बसतात. हे कण साधारण अर्ध्या मायक्रोमीटरचे घन असतात, आणि दोन घनांमधल्या गॅमाच्या फटी ५० ते १०० नॅनोमीटर रुंद. दोन्हींची जाळी सलग असते, म्हणूनच सगळे मिळून एक स्फटिक.

गॅमातले डिसलोकेशन गॅमा प्राइममध्ये घुसले तर त्याच्या मागे ही शिस्त मोडते. ॲल्युमिनियमच्या शेजारी ॲल्युमिनियम येऊन पडते. अशा चुकीच्या पृष्ठाला अँटिफेज बाउंडरी म्हणतात आणि ती तयार करायला भरपूर ऊर्जा लागते. मागून दुसरे डिसलोकेशन आले तरच घडी पुन्हा नीट बसते. म्हणून गॅमा प्राइममध्ये ती जोडीनेच फिरतात. त्यातही, तापमान वाढले की जोडीतले एखादे आपले पृष्ठ सोडून घनाच्या फलकाला समांतर पृष्ठावर सरकते आणि तिथे दोघे अडकून बसतात. हे केअर-विल्सडॉर्फ कुलूप. १९६२मध्ये ते दाखवले गेले. याच्यामुळे गॅमा प्राइम साधारण ८०० अंशांपर्यंत तापवू तसे बळकट होत जाते. इतर धातूंत याच्या उलटे घडते.

आता तीन टप्पे घ्या.

पहिला, ७५० ते ८५० अंश आणि ताण मोठा, म्हणजे ६०० ते ८०० मेगापास्कल. पात्याच्या मुळाजवळची अवस्था अशी असते. इथे फटीतल्या वेगवेगळ्या दिशांच्या डिसलोकेशनांचा संयोग होऊन रुंद फितीसारखी रचना तयार होते. ती अँटिफेज बाउंडरी टाळते आणि कमी ऊर्जेच्या स्टॅकिंग फॉल्टच्या, म्हणजे अणुथरांचा क्रम चुकलेल्या पट्टीच्या, वाटेने गॅमा प्राइम कापत जाते. सुरुवातीलाच पाते काही टक्के लांबू शकते. मग या फिती एकमेकींना अडवतात आणि वेग पडतो. केंब्रिजच्या कॅथरीन रे आणि रॉजर रीड यांनी या प्राथमिक क्रीपचा सविस्तर उलगडा केला आहे. स्फटिकाची दिशा काही अंशांनी कलली तरी इथे मोठा फरक पडतो, हे विसरू नका. फॉल्टच्या पट्टीत कोबाल्ट, क्रोमियमसारखे अणू जमा होऊन तिची वाटचाल सोपी करतात, तर टँटलम-नायोबियमसारखे योग्य ठिकाणी बसले तर ती रोखतात, हे गेल्या काही वर्षांत अणूंच्या पातळीवर दिसले आहे.

दुसरा टप्पा ९०० ते १००० अंशांचा. ताण एवढा नसतो की गॅमा प्राइम कापता यावे, म्हणून सगळी हालचाल फटींतच चालते. ६० नॅनोमीटरच्या फटीत डिसलोकेशनला वाकून शिरावे लागते आणि त्यासाठी त्या पृष्ठावर साधारण २०० मेगापास्कलचा कातरताण हवा. फट जितकी अरुंद तितका ताण जास्त. पात्याचे बळ इथे फटीच्या रुंदीत आहे. आत शिरलेली डिसलोकेशने वाढत जातात आणि त्यांच्याबरोबर वेगही. पाठ्यपुस्तकातली मधली सपाट रेषा, म्हणजे स्थिर वेगाचा दुय्यम क्रीप, इथे जवळपास दिसतच नाही.

तिसरा टप्पा १०५० अंशांच्या वरचा. ताण १०० ते २०० मेगापास्कलवर उतरतो, पण आता रिकाम्या जागा वेगाने फिरू लागतात. डिसलोकेशन आपल्या सरकपृष्ठावरून उठून वर चढू शकते, त्याला क्लाइंब म्हणतात, आणि हे चढणे रिकाम्या जागा शोषल्याशिवाय किंवा सोडल्याशिवाय होत नाही. इथे क्रीपचा वेग अणूंच्या विसरणाच्या वेगावर ठरतो.

प्रश्न ४: सूक्ष्मदर्शकाच्या चित्रांत आधी चौकोनी कण दिसतात, नंतर लांबट आडवे पट्टे. हे ‘राफ्टिंग’ कशाने होते? ते पात्याला तारक की मारक?
— महाविद्यालयीन प्राध्यापक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर: कारण दोन जाळ्यांच्या मापात आहे. बहुतेक सुपरॲलॉयमध्ये कामाच्या तापमानाला गॅमा प्राइमची जाळी गॅमाहून किंचित लहान असते. फरक हजारात एक ते तीन एवढाच. पण दोन्ही सलग जोडलेल्या असल्याने गॅमा आपल्या फटीच्या प्रतलात दाबलेला राहतो. आता पाते उभ्या दिशेने ओढले, की उभ्या फटींतला दाब ओढीने थोडा फिटतो, तर आडव्या फटींत दाब आणि ओढ एकमेकांना हात देतात. साहजिकच डिसलोकेशने आधी आडव्या फटींत शिरतात आणि तिथल्या सीमेवर जमतात.

मग अणूंची वाहतूक सुरू होते. ॲल्युमिनियम आणि टँटलम उभ्या फटींकडे जातात, क्रोमियम, टंगस्टन, रेनियम तिथून निघून आडव्या फटींत येतात. उभ्या फटी बुजतात, शेजारशेजारचे घन जोडले जातात आणि ओढीला काटकोनात तराफे तयार होतात. ११०० अंशांना हे काही तासांपासून काही दहा तासांत उरकते. जाळीच्या मापातला फरक उलट्या चिन्हाचा असेल तर तराफे ओढीला समांतर बनतात.

तारक की मारक? जास्त तापमान आणि कमी ताण असताना सुरुवातीला तारक. सलग तराफा झाला की डिसलोकेशनला कणाच्या कडेने चढून निसटता येत नाही. त्यातच तराफ्यांच्या सीमेवर डिसलोकेशनांचे नियमित जाळे विणले जाते. ते मापातला फरक भरून काढते आणि नव्या डिसलोकेशनला आत शिरू देत नाही. दोषांनीच दोषांना अडवण्याचा हा प्रकार. जपानच्या ‘निम्स’ या संस्थेत टीएमएस-७५ आणि टीएमएस-१३८ या मिश्रधातूंची तुलना झाली, तेव्हा ज्या मिश्रधातूत हे जाळे अधिक दाट विणले गेले तिचा क्रीप मंद निघाला. मात्र जाळे तुटले, तराफे जाड आणि वाकडे झाले, गॅमा प्राइमच सलग होऊन गॅमाची बेटे उरली, की वेग झपाट्याने वाढतो. आणि असे तराफे झालेल्या पात्याला पुन्हा कमी तापमान आणि मोठा ताण सोसावा लागला, तर रुंदावलेल्या फटींमुळे ते दुबळे ठरते.

एक उपयोग मात्र नक्की. वापरून काढलेले पाते कापून तराफे कुठे, किती झाले ते पाहिले की कोणता भाग किती तापला होता याचा बराच अंदाज येतो.

प्रश्न ५: तीन टक्के रेनियमने एवढे काय साधते? एवढे महाग मूलद्रव्य घालण्यापेक्षा टंगस्टन वाढवले तर चालणार नाही का?
— वाचक, ठाणे

उत्तर: रेनियम १९२५मध्ये नोडॅक, टाके आणि बर्ग या जर्मन शास्त्रज्ञांनी शोधले. ते ३१८६ अंशांना वितळते, आणि मुख्यतः तांब्याच्या खाणींतल्या मॉलिब्डेनाइटच्या भाजणीतून, उपपदार्थ म्हणून मिळते. एकस्फटिक मिश्रधातूंच्या पिढ्या त्याच्यावरूनच मोजतात: पहिल्या पिढीत रेनियम नाही, दुसरीत साधारण तीन टक्के, तिसरीत सहा. चौथीपासून रुथेनियमही आले. सीएमएसएक्स-४ आणि रेने एन-५ या दुसऱ्या पिढीच्या. पहिल्या पिढीतून दुसऱ्या पिढीत जाताना त्याच ताणाखाली, तेवढ्याच आयुष्यासाठी, साधारण ३० अंश जास्त तापमान चालू लागले.

कारण पुन्हा दोषांपाशी येते. उच्च तापमानाला क्रीप म्हणजे विसरण, आणि विसरण म्हणजे अणू आणि रिकामी जागा यांची अदलाबदल. निकेलमध्ये ही अदलाबदल करण्यात रेनियम सर्वांत सुस्त अणूंपैकी एक. तो गॅमातच राहतो, सीमेजवळ जमतो, आणि सीमा सरकायची झाली तर या सुस्त गर्दीला आधी हलावे लागते. रेनियमचे अणू गॅमात लहान लहान पुंजके करून डिसलोकेशनला अडवतात, अशी एक कल्पना बराच काळ मान्य होती. पुढे अणू-प्रोबच्या मोजणीत असे पुंजके दिसेनात. आताचा पुरावा सांगतो की रेनियम सीमेवरच्या डिसलोकेशनांच्या गाभ्याशी जाऊन बसते आणि त्यांची हालचाल, विशेषतः चढणे, मंद करते.

टंगस्टनही सुस्त आहे आणि ते घालतातच. पण दोन्हींना मर्यादा सारखीच. जड मूलद्रव्ये जास्त झाली की त्यांची सुईसारखी, ठिसूळ फेज वेगळी पडू लागते. ती गॅमातले रेनियम-टंगस्टन ओढून घेते आणि बळ कमी करते. शिवाय पात्याचे वजन वाढले की फिरताना येणारी ओढही वाढते. खर्च आणि पुरवठा पाहून जनरल इलेक्ट्रिकने रेनियम निम्म्यावर आणलेली रेने एन-५१५ ही मिश्रधातू काढली, ती याच हिशेबातून.

प्रश्न ६: आमची लहान फाउंड्री आहे. श्रिंकेज आणि ब्लो होल यांनी जीव मेटाकुटीला येतो. एवढ्या महागड्या पात्यांतही असे काही राहते का? राहिले तर ते पकडतात कसे?
— फाउंड्री व्यावसायिक, कोल्हापूर

उत्तर: राहते. काही तुमच्या ओळखीचे, काही या धंद्याचे खास.

पाते मेणाच्या नमुन्यावर सिरॅमिकचा साचा चढवून, निर्वात भट्टीत ओततात. मग साचा मिनिटाला काही मिलिमीटर एवढ्या मंद गतीने गरम भागातून खाली काढतात. तळाच्या थंड प्लेटवर असंख्य कण धरतात. वर डुकराच्या शेपटीसारखी पिळदार वाट असते, तिच्यातून एकच कण पुढे निघतो आणि तोच सगळ्या पात्यात वाढतो.

पहिला घोटाळा या वाढीत होतो. एखाद्या कोपऱ्यात द्रव आधीच थंड झाला की तिथे परका कण धरतो. दुसरा, फ्रेकल: रेनियम आणि टंगस्टन आधी गोठणाऱ्या भागात जातात, मागे राहिलेला द्रव हलका होऊन वर उसळतो आणि बारीक कणांची साखळी मागे ठेवतो. सीमा बळकट करणारी मूलद्रव्ये या मिश्रधातूंतून काढलेली असल्याने असा परका कण साध्या ओतीव धातूतल्या कणाहून घातक. तिसरा, पुनर्स्फटिकीकरण. थंड होताना धातू आतल्या सिरॅमिक कोअरभोवती आवळतो आणि दबतो. पुढे भाजताना दबलेल्या भागात नवे कण उगवतात. ओतलेल्या पात्यावर भाजण्याआधी हातोडी पडली किंवा बेताल ब्लास्टिंग झाले तरी तेच. म्हणून प्रत्येक पाते आम्लात कोरून पृष्ठ तपासतात आणि क्ष-किरणांनी स्फटिकाची दिशा मोजतात.

छिद्रांचा मुद्दा निराळा. श्रिंकेजची छिद्रे काही दहा मायक्रोमीटरची असतात, त्यांत ब्लो होलसारखा वायू नसतो. त्यानंतर १३०० अंशांच्या आसपास भाजताना आणखी छिद्रे होतात, कारण आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या अणूंचा वेग सारखा नसतो आणि फरकाच्या रिकाम्या जागा एकत्र येतात. तिसरी भर क्रीपमध्ये पडते: डिसलोकेशने चढताना सोडलेल्या रिकाम्या जागा असलेल्या छिद्रांत जाऊन त्यांना फुगवतात. अखेरचा तडा बहुधा अशाच छिद्रापाशी सुरू होतो. उपाय म्हणून काही पाती उच्च तापमानाला, हजार वातावरणांच्या आसपास दाबाच्या आर्गॉनमध्ये दाबतात. निर्वात छिद्रे मिटतात. वायूने भरलेली मात्र मिटत नाहीत, त्यामुळे तुमच्या ब्लो होलवर हा उपाय चालायचा नाही.

प्रश्न ७: अशी पाती भारतात तयार होतात का?
— दहावीचा विद्यार्थी, परभणी

उत्तर: होय. हैदराबादच्या संरक्षण धातुशास्त्र संशोधन प्रयोगशाळेने, म्हणजे डीएमआरएलने, हेलिकॉप्टरच्या इंजिनासाठी एकस्फटिक पाती विकसित केली आणि एप्रिल २०२१मध्ये ६० पात्यांचा पहिला संच हिंदुस्थान एरोनॉटिक्सला दिला. एकूण पाच संच, म्हणजे ३०० पाती, बनवण्याचे काम होते. ही विद्या मोजक्या देशांकडे आहे, कारण मिश्रधातूचे सूत्र छापील मिळते, पण साचा, कोअर, भट्टी आणि भाजणी यांतले दोष आटोक्यात ठेवण्याचे कसब छापील मिळत नाही. तुला यात रस असेल तर अकरावीत भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र दोन्ही मनापासून कर.

प्रश्न ८: पात्याने हजारो तास टिकायचे तर चाचणीही तेवढीच लांब घ्यावी लागत असेल. जास्त तापमानाला लवकर चाचणी उरकून कमी तापमानाचे आयुष्य काढता येत नाही का?
— वीजकेंद्रातील निवृत्त अभियंता, उरण

उत्तर: काढतात. १९५२मध्ये लार्सन आणि मिलर यांनी दिलेले सूत्र आजही वापरात आहे. तासांमधल्या आयुष्याचा लॉगॅरिदम घ्यायचा, त्यात २० मिळवायचे आणि केल्विनमधल्या तापमानाने गुणायचे. एका ताणासाठी हा गुणाकार कायम राहतो असे धरतात. १००० अंश सेल्सिअसला १००० तास टिकणारा नमुना २५ अंश वाढवल्यावर या सूत्राने जेमतेम ३६० तास टिकतो. रेनियमने मिळालेले ३० अंश किती मोलाचे, हे यावरून लक्षात येईल. पात्यातले थंड हवेचे एखादे भोक बुजले तर काय होईल, तेही.

पण सूत्राला एक अट आहे: दोन्ही तापमानांना क्रीप एकाच यंत्रणेने होत असला पाहिजे. ११०० अंशांना रिकाम्या जागा आणि क्लाइंब सूत्रे हलवतात, ९५० अंशांना फटीतली डिसलोकेशने, ७५०ला स्टॅकिंग फॉल्ट. एका प्रांताचा आलेख दुसऱ्यात ताणला तर उत्तर चुकते आणि ते बहुधा धोक्याच्या बाजूने चुकते. एका तापमानाला सरस ठरलेली मिश्रधातू दुसऱ्या तापमानाला मागे पडते, तेही यामुळेच. म्हणून अल्पकाळाच्या चाचण्यांबरोबर काही दीर्घ चाचण्या घ्याव्याच लागतात, आणि प्रत्येक तुटलेला नमुना कापून आत कोणता दोष काम करत होता ते पाहावे लागते.

सगळ्याच पत्रलेखकांना एक सूचना. सुपरॲलॉयच्या क्रीपचा कोणताही आकडा वाचाल, तेव्हा त्याच्या शेजारी तापमान, ताण आणि स्फटिकाची दिशा या तीन गोष्टी दिल्या आहेत का ते आधी पाहा. त्या नसतील तर कोणत्या दोषाचे राज्य चालू होते हे कळत नाही, आणि तो आकडा कितीही मोठा असला तरी निरुपयोगी ठरतो.